बांधकाम संपल्यावर सुरू व्हायला हवे ते संशोधन

काचेच्या भिंती असलेल्या प्रयोगशाळेतील कालव्यात वाळूचा सपाट थर अंथरावा, त्यात पुलाच्या खांबाची लहानशी प्रतिकृती उभी करावी आणि पाणी सोडावे. पहिल्या काही मिनिटांतच खांबाच्या पुढच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येते तिकडे, वाळूचे कण उड्या मारू लागतात. खांबावर आदळलेले पाणी खांबालगत खाली वळते, तळाशी त्याचा घोड्याच्या नालासारखा भोवरा तयार होतो आणि तो भोवरा खांबाला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन वाळू उकरत मागे जातो. बघता बघता पायाशी चांगला खोल खळगा पडतो. त्यानंतर पूर ओसरावा तसा पाण्याचा वेग हळूहळू कमी करत नेला आणि वरून वाळू वाहत येत राहिली, तर तोच खळगा त्या वाळूने भरू लागतो. पाणी बंद करून कालवा रिकामा केल्यावर जो तळ समोर येतो तो पाहून, मधल्या वेळात खांबाचा पाया जवळजवळ उघडा पडला होता, हे कोणाला सांगूनही पटणार नाही. हा प्रयोग मी अनेकदा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी त्याचे शेवटचे दृश्यच मला अधिक अस्वस्थ करते. खऱ्या नदीतही असेच घडते आणि पूर उतरल्यावर पाहणीला आलेल्या माणसासमोर नदी सपाट, निरुपद्रवी तळ मांडून ठेवते.

न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीक नावाच्या लहान नदीवर १९५४ साली महामार्गाचा पूल उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी मोठा पूर आला आणि पूल त्यात टिकला. ५ एप्रिल १९८७ रोजी मात्र त्याहून कमी विसर्गाच्या पुरात तो कोसळला आणि दहा माणसांचा जीव गेला. खांबांच्या पायाभोवती संरक्षणासाठी टाकलेले दगड मधल्या वर्षांतील पुरांबरोबर वाहून गेले होते आणि पायाखालचा थर खरवडला जात होता. मोठा पूर झेलला म्हणजे रचना भक्कम आहे, हा आपल्या सर्वांना पटणारा तर्क इथे फसला, कारण त्या पहिल्या पुराने पुलाची नुसती परीक्षा घेतली नव्हती, तर त्याच्या आयुष्यातला काही भाग खर्चीही टाकला होता, आणि तो खर्च रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसणारा नव्हता.

जलप्रवाह आणि जलरचना यांच्या संशोधनाबद्दल मला जे मांडायचे आहे त्याचे मूळ या खळग्यात आहे. धरण, बंधारा, सांडवा, पूल, पूरभिंत अशी कोणतीही सार्वजनिक रचना उभारण्यापूर्वी आज पुष्कळ अभ्यास होतो. प्रतिकृती बांधल्या जातात, संगणकावर प्रवाह सोडवले जातात, अहवाल लिहिले जातात. रचना उभी राहिली, फीत कापली गेली, की हा सगळा अभ्यास कपाटात जातो. प्रतिकृतीने जे भाकीत केले ते प्रत्यक्षात उतरले का, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी कोणाचीच नसते आणि कोणी विचारलाच तर त्याचे उत्तर लोकांसमोर येत नाही. हे बदलले पाहिजे. लोकांच्या पैशातून उभारलेल्या प्रत्येक मोठ्या जलरचनेवर तिच्या हयातीभर मोजमाप करणे, ती मोजमापे आधीच्या भाकितांशेजारी ठेवून तपासणे आणि तो ताळा सार्वजनिक करणे कायद्याने बंधनकारक असावे, असे मला वाटते.

हा आग्रह अवाजवी वाटणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावे की पाण्याच्या प्रवाहाचे शास्त्र अजूनही फार मोठ्या प्रमाणावर अनुभवजन्य आहे. प्रवाही पदार्थांच्या गतीची मूलभूत समीकरणे नाविए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवली. परंतु तीन मितींमध्ये त्या समीकरणांची उत्तरे नेहमी सुरळीत राहतात का, हे गणिती अजून सिद्ध करू शकलेले नाहीत. अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली ज्या सात प्रश्नांसाठी प्रत्येकी दहा लाख डॉलरचे पारितोषिक ठेवले त्यांतला हा एक आहे. खळाळणाऱ्या, भोवऱ्यांनी भरलेल्या पाण्याचे नेमके वर्णन हाती नसल्यामुळे अभियंते गुणांकांवर काम चालवतात. बंधाऱ्याच्या माथ्यावरून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक, दाराखालून निसटणाऱ्या धारेचा गुणांक, नदीच्या पात्राच्या खडबडीतपणाचा गुणांक. यांतला प्रत्येक आकडा कोणीतरी कुठेतरी मोजून मिळवलेला आहे आणि जिथे मोजला तिथून दूर नेला की त्याची खात्री कमी होते.

शेवटच्या गुणांकाचेच पाहा. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने १८८९ मध्ये मांडलेले सूत्र आजही जगभर नद्यांच्या पुराची पातळी काढण्यासाठी वापरले जाते. त्यात पात्राचा खडबडीतपणा एका आकड्याने दाखवावा लागतो. स्वच्छ, सरळ पात्रासाठी कोणी ०.०२५ धरेल, झुडपे, दगड आणि वळणे लक्षात घेऊन दुसरा ०.०३५ धरेल. दोघेही अनुभवी, दोघेही प्रामाणिक. रुंद पात्रात तेवढ्याच विसर्गासाठी पहिल्याच्या हिशेबाने पाण्याची खोली पाच मीटर येत असेल तर दुसऱ्याच्या हिशेबाने ती सहा मीटरच्या थोडी वर जाते. सपाट काठावर एका मीटरने पूररेषा किती लांब सरकते हे ज्याने नदीकाठ पाहिला आहे त्याला सांगायला नको. कोणाचे घर रेषेच्या आत जाईल, कोणाच्या जमिनीचे मोल उतरेल, कोणत्या वस्तीला इशारा मिळेल, हे सारे दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळावर ठरते, आणि त्या आकड्याचा खरेपणा पडताळण्याचा मार्ग एकच आहे: पूर आला की पाण्याची पातळी आणि विसर्ग दोन्ही प्रत्यक्ष मोजायचे आणि आपण धरलेला आकडा बरोबर होता का ते पाहायचे. ज्यांच्या घरांवरून ती रेषा जाते त्यांना हा ताळा पाहण्याचा हक्क आहे.

प्रतिकृतींच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच तिच्यावर थोडे थांबायला हवे. लहान प्रतिकृतीवरून मोठ्या रचनेचे वर्तन ओळखण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली. विल्यम फ्रूड याने जहाजांच्या प्रतिकृती पाण्यात ओढून जो नियम शोधला, तोच पुढे सांडवे आणि बंधाऱ्यांना लावला गेला. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८० च्या दशकात मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती करून भरती-ओहोटीने वाळू कशी सरकते ते पाहिले. ह्यूबर्ट एंगेल्स याने १८९८ मध्ये ड्रेस्डेन येथे नद्यांच्या अभ्यासासाठी कायमची प्रयोगशाळा उभारली. त्यानंतर नेदरलँड्समधील डेल्फ्ट, अमेरिकेतील व्हिक्सबर्ग, पुण्याजवळचे खडकवासला अशा ठिकाणी या विद्येची मोठी केंद्रे झाली. फ्रूडच्या नियमाने पन्नासात एक या प्रमाणाची प्रतिकृती केली तर वेग आणि काळ सुमारे सातपटींनी लहान होतात आणि विसर्ग सतरा हजारांहून अधिक पटींनी. म्हणजे सेकंदाला दहा हजार घनमीटरचा प्रलय प्रयोगशाळेत सेकंदाला साधारण ५७० लिटरच्या धारेत मावतो आणि एका तासाचा पूर साडेआठ मिनिटांत उरकतो. इतक्या कमी खर्चात इतके काही शिकवणारे साधन अभियांत्रिकीत दुसरे फारसे नसेल. पाण्याची दिशा, सांडव्यावरील पातळी, वेगवान पाणी एकदम संथ होऊन उंच उठते त्या उसळीची जागा, लाटांची उंची या गोष्टी अशा प्रतिकृती फार विश्वासाने सांगतात आणि त्यांनी वाचवलेल्या चुकांची मोजदाद कधीच होणार नाही, कारण त्या चुका घडल्याच नाहीत.

पण प्रतिकृतीत सगळेच काही प्रमाणात लहान होत नाही. पाण्याचा पृष्ठताण तोच राहतो, म्हणून बुडबुडेही लहान व्हायला तयार नसतात. प्रतिकृतीतील तीन मिलिमीटरचा बुडबुडा मापाने वाढवला तर प्रत्यक्षात पंधरा सेंटिमीटरचा होईल, आणि असे बुडबुडे कोणत्याही सांडव्यावर नसतात. खऱ्या सांडव्यावरचे पाणी हवा पिऊन पांढरेशुभ्र होते, प्रतिकृतीवरचे मात्र बरेचसे काचेसारखे स्वच्छ राहते. वाळूचेही तसेच. अर्ध्या मिलिमीटरचा कण पन्नासपट लहान केला की तो वाळू न राहता पिठासारखा गाळ होतो आणि वेगळ्याच नियमांनी वागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रयोगशाळेच्या छताखालचा हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो सुमारे दहा मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पन्नासात एक प्रमाणाला इमानदार राहायचे तर प्रतिकृतीवर तो वीस सेंटिमीटर असायला हवा. तो पूर्ण दहा मीटरच राहतो, त्यामुळे वेगवान पाण्यात दाब कोसळून बाष्पाचे बुडबुडे उठणे आणि ते पृष्ठभागावर फुटून काँक्रीट व पोलाद कुरतडणे, ज्याला कॅव्हिटेशन म्हणतात, ते साध्या प्रतिकृतीत घडूच शकत नाही. त्यासाठी हवा काढून घेतलेल्या खास कक्षात प्रयोग करावे लागतात. प्रतिकृतीत काही बिघडले नाही, याचा अर्थ काही वेळा एवढाच असतो की बिघाडाला तिथे जागाच नव्हती.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियन धरणाने हे १९८३ मध्ये दाखवून दिले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याचा लोंढा अपेक्षेपेक्षा खूप मोठा आला, जलाशय काठोकाठ भरला आणि धरणाच्या दोन्ही बाजूंच्या खडकातून काढलेल्या सांडव्याच्या बोगद्यांतून पाणी सोडावे लागले. तीव्र उतारावरून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या पाण्यात अस्तरावरचे छोटे उंचवटेही पुरेसे ठरले. तिथे बाष्पाचे बुडबुडे उठले, पुढे जाऊन फुटले, पहिला खड्डा पडला, त्या खड्ड्याने दुसऱ्याला जन्म दिला. धरणाला कंप जाणवू लागला आणि बोगद्याच्या तोंडातून काँक्रीटचे व वालुकाश्माचे तुकडे बाहेर फेकले जाऊ लागले. जलाशयाची पातळी आणखी चढेल आणि दारांवरून वाहील या भीतीने दारांच्या माथ्यावर आधी प्लायवूडच्या फळ्या आणि नंतर पोलादी पत्रे उभे करण्याची वेळ आली. पाणी उतरल्यावर डाव्या बोगद्याच्या वळणाशी खडकात सुमारे दहा मीटर खोल खड्डा पडलेला आढळला. त्याच नदीवर खाली हूवर धरणाच्या बोगद्यात १९४१ मध्ये याच स्वरूपाचे नुकसान झाले होते; म्हणजे चार दशकांपूर्वी, त्याच नदीने, हाच धडा एकदा दिलेला होता.

आता कोणी म्हणेल की प्रतिकृतींचे युग संपले, संगणकाने हे सर्व प्रश्न सोडवले. मिसिसिपी नदीच्या खोऱ्याची सुमारे दोनशे एकरांवर पसरलेली प्रचंड प्रतिकृती, जिच्या कामाला दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या श्रमांनी सुरुवात झाली आणि जिच्यावर १९५२ च्या मिसुरी नदीच्या पुराचे अंदाज काढले गेले, ती आज ओस पडली आहे, आणि तिची जागा संगणकीय प्रारूपांनी घेतली हे खरेच आहे. संगणकावर जे आज एका दुपारी करता येते त्याला पूर्वी महिने लागत. पण संगणक समीकरणे जशीच्या तशी सोडवत नाही. तो पाण्याचे लाखो चौकटींत तुकडे करतो आणि चौकटीहून लहान भोवऱ्यांचा परिणाम पुन्हा काही गुणांकांच्या हवाली करतो. ते गुणांक कुठल्यातरी प्रयोगातून आलेले असतात. पडद्यावर रंगीत, सळसळणारे चित्र उमटते आणि पाहणाऱ्याला ते छायाचित्रासारखे खरे वाटते. प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून न पाहिलेले असे चित्र मला प्रतिकृतीपेक्षा अधिक काळजीचे वाटते, कारण प्रतिकृतीतले पाणी निदान पाणीच असते.

भाकीत आणि पडताळणी यांची जोड कशी असावी याचे माझ्या माहितीतले सर्वांत सुंदर उदाहरण संगणकाच्या आधीचे आहे. नेदरलँड्समध्ये झुइडरझी हा समुद्राचा आत घुसलेला भाग सुमारे तीस किलोमीटरच्या बांधाने बंद करायचा होता. बांध घातल्यावर बाहेरच्या किनाऱ्यांवर भरतीची उंची किती वाढेल, तिथले जुने बांध पुरतील का, हा प्रश्न होता. १९१८ मध्ये सरकारने समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले हेंड्रिक लोरेंट्झ यांनी स्वीकारले. वयाची साठी उलटलेल्या या शास्त्रज्ञाने पुढची आठ वर्षे उथळ खाड्यांतील भरतीचे गणित हाताने मांडण्यात घालवली. समितीचा अहवाल १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला, १९२८ मध्ये लोरेंट्झ गेले आणि १९३२ मध्ये बांध पूर्ण झाला. मग भरती मोजली गेली आणि ती अहवालातील आकड्यांच्या अगदी जवळ आली. मला यात गणिताइतकेच हे महत्त्वाचे वाटते की आकडे आधी छापून सर्वांसमोर ठेवले होते आणि नंतर समुद्राला त्यांची तपासणी करू दिली. ते चुकले असते तर चूकही सर्वांना कळली असती.

याच्या अगदी उलट चित्र कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल धरणाचे आहे. अमेरिकेतले सर्वांत उंच, सुमारे २३५ मीटरचे हे धरण १९६८ मध्ये पुरे झाले. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच्या मुख्य सांडव्यावरून पाणी सोडलेले असताना उतारावरची काँक्रीटची लादी उखडली आणि भलेमोठे भगदाड पडले. सोडलेला विसर्ग १९९७ मध्ये याच सांडव्याने वाहून नेलेल्या विसर्गाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास होता. सांडव्यावरचे पाणी आवरते घेतले, तोवर जलाशय चढून ११ फेब्रुवारीला आपत्कालीन सांडव्यावरून प्रथमच पाणी वाहिले. त्याखालचा उघडा डोंगरउतार झपाट्याने खरवडला जाऊ लागला आणि दुसऱ्या दिवशी १,८८,००० लोकांना घरे सोडण्याचा आदेश द्यावा लागला. दुरुस्तीचा खर्च पुढे ११० कोटी डॉलरच्या घरात गेला.

लादी का उखडली हे समजायला अवघड नाही. सेकंदाला पंचवीस मीटर वेगाचे पाणी लाद्यांच्या सांध्यातल्या किंचित वर आलेल्या कडेवर आदळले आणि फटीतून खाली शिरले, तर जास्तीत जास्त जो दाब निर्माण होऊ शकतो तो सुमारे बत्तीस मीटर पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला बत्तीस टन. एक मीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन तेवढ्याच जागेवर अडीच टनही भरत नाही. त्या दाबाचा लहानसा हिस्सा जरी लादीखाली पसरला आणि लादीखालच्या निचऱ्याच्या नळांना ते पाणी वेळीच वाहून नेता आले नाही, तर लादी उचलली जाणार. ओरोव्हिलच्या लाद्या निचऱ्याच्या नळांवर पातळ झाल्या होत्या, नेमक्या तिथे तडे गेले होते, पाया काही ठिकाणी झिजलेल्या खडकावर होता आणि तड्यांची दुरुस्ती वर्षानुवर्षे वरवर होत राहिली. वायोमिंगमधील बिग सँडी धरणाच्या सांडव्याची लादी १९८३ मध्ये अशाच कारणाने उचलली गेली होती आणि या प्रकारच्या सांध्यांवर प्रयोगशाळेत चाचण्याही झाल्या होत्या. २०१८ मध्ये आलेल्या स्वतंत्र तज्ज्ञगटाच्या अहवालाने कोणा एका माणसावर बोट ठेवले नाही. धरणाचे मालक, नियामक आणि एकूण व्यवसायाची रीत यांचे हे दीर्घकाळचे, व्यवस्थेचे अपयश आहे असे त्याने म्हटले. म्हणजे ज्ञान होते, तडे दिसत होते, तपासण्याही होत होत्या. त्या तिन्ही गोष्टींना एका टेबलावर आणणारे कोणी नव्हते. त्या अहवालाची एक मोठी थोरवी मात्र सांगितली पाहिजे: तो जगातल्या कोणालाही वाचता येतो, आणि त्यामुळे इतर देशांतील अभियंत्यांनाही आपापल्या सांडव्यांच्या सांध्यांकडे नव्याने पाहता आले.

मोजत राहिल्याने सुधारणा कशी होते हेही पाहायला मिळते. चीनमधील पीत नदीवरील सानमेनशिया धरणात १९६० मध्ये पाणी साठवायला सुरुवात झाली आणि दोन वर्षांच्या आतच गाळाने जलाशयाचा इतका घास घेतला की वरच्या बाजूच्या नदीचा तळ चढून पुराचा धोका वाढला. हुआंग वानली या जलअभियंत्याने १९५७ मध्येच या योजनेला विरोध केला होता आणि निदान तळाची दारे कायमची बुजवू नका असे बजावले होते. त्याचे ऐकले गेले नाही. पुढे मात्र गाळाची मोजमापे होत राहिली, बुजवलेली दारे पुन्हा उघडली गेली, नवे बोगदे काढले गेले आणि पुराचे गढूळ पाणी वाहू देऊन नंतरचे स्वच्छ पाणी साठवण्याची पद्धत बसवली गेली. नदीने शिकवलेले शिकायला उशीर झाला, किंमत फार मोठी पडली, पण मोजणारे होते म्हणून शिकता तरी आले.

एका लहान गोष्टीचाही इथे उल्लेख करावासा वाटतो, कारण ती धरणांच्या गोष्टींसारखी बातम्यांत येत नाही. नदीत आडवा घातलेला माणसाच्या उंचीचा बंधारा दिसायला अगदी निरागस असतो. खालच्या बाजूची पाण्याची खोली एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की बंधाऱ्यावरून पडणारी धार तळाने पुढे जाते आणि पृष्ठभागावरचे पाणी उलटे, बंधाऱ्याकडे वाहू लागते. वरून पाहणाऱ्याला फक्त थोडा फेस दिसतो. त्यात सापडलेला पोहणारा माणूस पुन्हा पुन्हा धारेखाली ओढला जातो, हवेने भरलेले पाणी त्याला नीट तरंगूही देत नाही, आणि त्याला वाचवायला उतरलेलाही तिथेच अडकतो. हे कोणत्या खोलीला घडते याचे गणित प्रयोगशाळांनी केव्हाच मांडलेले आहे. ते गणित वापरून प्रत्येक बंधाऱ्यासाठी धोक्याचा विसर्ग काढता येतो, तिथे पाटी लावता येते, पायथ्याचा आकार बदलता येतो. तरीही माणसे बुडतात, कारण बंधारा बांधताना प्रश्न फक्त तो उलटणार नाही ना, एवढाच विचारलेला असतो.

माझ्या सूचनेवर जे आक्षेप येतात त्यांत खर्चाचा आक्षेप सर्वांत कमकुवत आहे. दाबमापक, कंपमापक, पातळीचे स्वयंचलित मोजयंत्र, पुराच्या काळात तळाची खोली ध्वनिलहरींनी मोजणारे उपकरण यांची किंमत एखाद्या धरणाच्या खर्चापुढे नगण्य असते. खरी अडचण अशी की बांधकामासाठी पैसा एकदाच आणि गाजावाजाने मिळतो, तर मोजमापासाठी तो दर वर्षी, शांतपणे, काहीही घडत नसताना मागावा लागतो. म्हणून ही तरतूद रचनेच्या मूळ खर्चातच बाजूला काढून ठेवावी आणि ती दुसऱ्या कामाकडे वळवता येऊ नये.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: अशी माहिती खुली केली तर घातपात करणाऱ्याच्या हाती लागेल. दारांची यंत्रणा, नियंत्रण कक्ष, विजेची जोडणी यांबाबत हे मान्य करायला हवे आणि तेवढा भाग गुप्त ठेवावा. पण सांडव्याच्या लादीखालचा दाब, पुलाच्या पायाशी पडलेला खळगा, जलाशयात साचलेला गाळ ही माहिती लपवून ज्यांच्यापासून धोका आहे ते अंधारात राहत नाहीत. अंधारात राहतात ते खालच्या अंगाला राहणारे लोक. लिबियातील डेर्ना शहरावर सप्टेंबर २०२३ मध्ये वादळी पावसात दोन धरणे फुटून हजारो माणसे वाहून गेली. त्या खोऱ्यातील पुराच्या धोक्याबद्दल आणि धरणांच्या देखभालीच्या गरजेबद्दल इशारा देणारा शोधनिबंध आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. निबंध खुला असूनही त्यावर कृती झाली नाही, म्हणून नुसती प्रसिद्धी पुरेशी नाही हे मी मान्य करतो. जे प्रसिद्ध होईल त्याला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्याचे बंधन एखाद्या नियामकावर असल्याखेरीज संशोधनाचा आवाज प्रशासनाच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

तिसरा आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही, पण तोच सर्वांत बळकट आहे. भाकीत आणि प्रत्यक्ष यांत फरक दिसला तर दोष कोणाचा, ही भीती आराखडा करणाऱ्याला असते, प्रयोगशाळेला असते, बांधणाऱ्याला असते आणि खात्यालाही असते. ही भीती खोटी नाही आणि तिची थट्टा करून ती जाणार नाही. वर सांगितल्याप्रमाणे प्रतिकृतीला स्वतःच्या मर्यादा आहेत, गुणांकांना अनिश्चितता आहे. वीस टक्क्यांचा फरक ही अनेकदा चूक नसून शास्त्राची आजची सीमा असते. म्हणून प्रत्येक अभ्यासाने आपले भाकीत एका आकड्यात न देता त्याभोवतीच्या अनिश्चिततेसह द्यावे, आणि त्या पट्ट्यात बसणारा फरक कोणाच्याही विरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाऊ नये, असे संरक्षण कायद्यातच द्यावे. मोजमाप लपवल्याबद्दल मात्र शिक्षा असावी. आज नेमके उलटे आहे. मोजले नाही तर कोणी विचारत नाही, आणि मोजून फरक सांगितला तर चौकशी मागे लागते. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करेल हे उघड आहे आणि त्याबद्दल मी एकट्या त्याला दोष देणार नाही.

संशोधकांच्या जगानेही आपल्या सवयी तपासल्या पाहिजेत. बांधलेल्या रचनेवर पावसाळ्यामागून पावसाळे मोजमाप करून लिहिलेला निबंध नव्या प्रारूपाच्या निबंधापेक्षा दुय्यम समजला जातो; तो लिहायला दहा वर्षे लागतात आणि त्यातून निघणारा निष्कर्ष बहुधा 'जवळपास अपेक्षेप्रमाणे' असा नीरस असतो. तरुण संशोधकाला दहा वर्षे थांबणे परवडत नाही. विद्यापीठे आणि निधी देणाऱ्या संस्था यांनी अशा कामाला स्वतंत्र मान आणि स्वतंत्र पैसा दिला नाही तर कायदा करूनही मोजणारी माणसे मिळणार नाहीत.

ग्लेन कॅनियनची गोष्ट वर अर्धीच सांगितली आहे. बोगद्यांची दुरुस्ती करताना तिथल्या अभियंत्यांनी अस्तरात खाच ठेवली, जेणेकरून वेगवान पाण्याखाली आपोआप हवा ओढली जाईल. पाण्यात थोडी हवा मिसळली की बुडबुड्यांचा मारा मवाळ होतो हे प्रयोगांतून माहीत झालेले होते. खाच कशी असावी याचा अभ्यास प्रतिकृतीवर झाला, पण प्रतिकृतीतले बुडबुडे खरे नसतात हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून १९८४ च्या उन्हाळ्यात त्यांनी दुरुस्त केलेल्या डाव्या बोगद्यात मुद्दाम मोठा विसर्ग सोडला, नंतर पाणी बंद केले आणि माणसे आत उतरवून आदल्या वर्षी जिथे खड्डा पडला होता तिथले अस्तर तपासले. ते शाबूत होते.